डोरोथीबाईंचे आजारपण

डॉ. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) यांचे नाव मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित आहे. बंगालमधील सेरामपूर येथून त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध केला. परंतु ते व्याकरण तयार होत असता त्यांच्या घरात एक दीर्घ आजारपण चालू होते, हे क्वचितच सांगितले जाते.

१७८१ साली त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. इंग्लंडमध्येच या दांपत्याच्या दोन मुली दगावल्या. १७९३ साली तान्हे मूल घेऊन, मन घेत नसताही, डोरोथीबाई हिंदुस्थानास आल्या. येथे दारिद्र्य व आमांश यांनी त्यांना गाठले. १७९४ साली मदनावती येथे पाच वर्षांचा पीटर मरण पावला. पुढच्याच वर्षी त्यांचे मन ढळले. पतीविषयी त्यांना निराधार संशय येऊ लागला. त्या त्यांच्या अंगावरही धावून जात. अशा रोगावर त्या काळी उपचार नव्हता. कधी कधी त्यांना खोलीत बंद करून ठेवावे लागे. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी कॅरी यांनी त्यांना अखेरपर्यंत घरीच सांभाळिले.

हे ओझे त्यांना एकट्याने पेलवले नसते. मुलांकडे त्यांचे पुरेसे लक्ष नव्हते. १८०० साली सेरामपुरास मिशनरी कुटुंबे एकत्र राहू लागली, तेव्हा हॅना मार्शमनबाईंनी त्या मुलांना मायेने वळण लाविले व विल्यम वॉर्ड यांनी थोरल्या फेलिक्सला हाताशी धरिले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आनंदाच्या दिवशीही डोरोथीबाई भ्रमिष्ट अवस्थेतच होत्या.

८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांना प्रभूने विसावा दिला. १८०८ साली कॅरी यांनी शार्लोट रूमोर यांच्याशी विवाह केला. त्या प्रकृतीने अधू होत्या. त्यांना चालणेही कठीण जाई. तरीही १८२१ पर्यंतचा हा संसार सुखाचा झाला.

डोरोथीबाईंना कित्येक चरित्रकारांनी पतीच्या कार्यातील अडथळा मानिले. वस्तुतः त्या रोगी होत्या. मनाचा आजार हे पाप नव्हे, विश्वासाची उणीवही नव्हे. आज त्यावर औषधोपचार आहेत. आपल्या मंडळीतील ज्या घराचे दार अशा आजारामुळे लोकलाजेने बंद असेल, तेथे आपल्यापैकी कोणीतरी मार्शमनबाईंप्रमाणे जावयास हवे.