नळदुर्गचा टेलर साहेब : तपास अर्धा राहिला, म्हणून ठगांवर कादंबरी लिहिली

नळदुर्ग : सोलापूरहून हैदराबादला निघालेल्या गाड्या नळदुर्गात चहापाण्याला थांबतात. पावसाळ्यात लोक किल्ल्यात येतात, नर-मादी धबधब्याचा व्हिडिओ काढतात आणि निघून जातात. याच किल्ल्यात राहून एका इंग्रज अधिकाऱ्यानं जिल्ह्याचा कारभार बघितला होता, हे मात्र आपल्या भागातही फार कमी जणांना माहीत आहे. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. त्यानं ठगांवर लिहिलेली कादंबरी एके काळी इंग्लंडमध्ये घरोघरी वाचली गेली. शेरलॉक होम्सची पहिली गोष्ट १८८७ सालची. टेलरचं पुस्तक त्याच्या ४८ वर्षं आधीचं, आणि त्यातला बराचसा मसाला आपल्याच मराठवाड्याच्या रस्त्यांवरचा आहे.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला. वडील व्यापारी, पण धंदा बुडाला. मग पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं असतानाच मुंबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला धाडून दिलं. इथं येऊन बघतो तर त्या व्यापाऱ्याचंच दिवाळं निघायच्या बेताला आलेलं. मुंबई सरकारात आईकडचे एक नातेवाईक मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीनं १८२४ साली त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादला हजर झाला.

पोरगा हुशार. त्यानं इथल्या भाषा शिकून घेतल्या. दुभाष्या न घेता रयतेशी थेट बोलणारा गोरा अधिकारी त्या काळात सहसा सापडत नव्हता. हे बघून वरिष्ठांनी त्याला पोलीस खात्यात घेतलं. हुद्दा सहायक पोलीस अधीक्षकाचा, मुलूख हैदराबाद राज्याच्या नैऋत्येचा, म्हणजे आपल्या तुळजापूरच्या बाजूचा. तेव्हा त्यानं विशीही गाठली नव्हती.

त्या दिवसांतली एक गोष्ट फार गाजली. पीठ विकणारे पिठात वाळू मिसळतात आणि वजनातही मारतात, अशी तक्रार त्याच्याकडे आली. टेलरनं दुकानदारांना बोलावलं आणि ज्याचं पीठ त्यालाच सगळ्यांसमोर खायला लावलं. दाताखाली वाळू कचकचली, लोक हसले, भेसळ उघडी पडली. पुढं कितीतरी वर्षं लोक ही आठवण सांगत राहिले. मेडोज हे नाव आपल्या लोकांच्या तोंडी बसेना. त्याचं झालं महादेव, आणि साहेबाचे झाले महादेवबाबा.

पण त्याच्या डोक्यात वेगळीच काळजी घोळत होती. रस्त्याकडेला, ओढ्यानाल्यात प्रेतं सापडत होती. फिर्याद करायला कुणी यायचं नाही. येणार तरी कोण? मेलेला माणूस दूरच्या मुलखातला. पगार घेऊन सुट्टीवर निघालेला शिपाई, माल विकून परतणारा व्यापारी, जत्रेला चाललेलं कुटुंब. घरचे वर्षभर वाट बघायचे, मग म्हणायचे वाघानं खाल्लं असेल, पटकीनं गेला असेल, नाहीतर परागंदा झाला असेल. तेव्हा ना टपाल धड, ना फोन. माणूस वाटेत गेला की गेलाच.

टेलरला संशय आला तो काही टोळ्यांचा. व्यापाराच्या नावाखाली ही माणसं दरवर्षी ठरावीक हंगामात बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतत. गावात वागणूक साधी, कुणाशी भांडण नाही. तो माग काढायच्या तयारीत होता, तेवढ्यात १८२९ साली हैदराबादच्या गादीवर नवा निजाम आला आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना मुलकी कामातून परत बोलावण्यात आलं. टेलरला पलटणीत परतावं लागलं. तपास तिथंच राहिला.

पुढं मध्य भारतात स्लीमन नावाच्या अधिकाऱ्यानं ठगांची धरपकड केली आणि ठगी मोडणारा म्हणून त्याचं नाव झालं. आपल्याला ठाण्यावर राहू दिलं असतं तर हे आपण आधी उघडकीला आणलं असतं, ही रुखरुख टेलरला शेवटपर्यंत राहिली. माझ्या मते, ही रुखरुख नसती तर तो कादंबरीकार झालाच नसता.

ठगांची पद्धत आता पुष्कळांना माहीत आहे. वाटसरूंशी दोस्ती करायची, सोबत असली की चोराचिलटांची भीती नाही असं म्हणायचं, दोन-चार मुक्काम एकत्र करायचे. मग एका रात्री ठरलेली खूण झाली की रुमालानं गळा आवळायचा आणि प्रेत पुरून टाकायचं. रक्त नाही, आरडाओरड नाही.

हिंगोलीचा किस्सा तर अंगावर काटा आणणारा आहे. तिथं फौजेची छावणी होती आणि टेलरही तिथं नोकरीला होता. गावात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार. एकदा या हरिसिंगानं मुंबईहून कापड आणायचं सांगून परवाना काढून घेतला. खरं तर ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं आणि ते या वाटेनं येणार हे हरिसिंगाला ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याचा वाटेतच निकाल लावला, माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. साहेबलोकांनीच तो विकत घेतला! पुढं पकडल्यावर त्यानंच ही गंमत म्हणून सांगितली. हा माणूस ठगांचा म्होरक्या निघाला. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं मारली आणि पुरली गेली होती. माफीचे साक्षीदार झालेले ठग थंडपणे एकेक जागा दाखवत गेले, माती उकरली तसे सांगाडे निघत गेले. टेलर तिथं उभा राहून बघत होता.

त्यानं ठगांच्या जबान्या नोंदवायच्या कामातही भाग घेतला. पुस्तकाचं बी पडलं ते इथं. लांब रजा घेऊन तो मायदेशी गेला आणि १८३९ साली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला तीन भागांत छापून निघाली. ठगाचा कबुलीजबाब, असा त्या नावाचा अर्थ. राणी व्हिक्टोरियाला ती वाचायची इतकी घाई झाली की पुस्तक पुरं छापून व्हायच्या आतच तपासलेली पानं तिनं मागवून घेतली. टेलर तेव्हा तिशीत होता.

या कादंबरीत साहेब फक्त ऐकतो. बोलतो तो अमीर अली नावाचा ठग. ७१९ खुनांत हात असल्याचं हा माणूस सांगतो, आणि मधे तुरुंगात गेलो नसतो तर आकडा हजारावर गेला असता म्हणून हळहळतोही. पण गोष्ट सुरू होते त्याच्या लहानपणापासून. त्याच्या आईबापांना ठगांनीच मारलेलं असतं. टोळीचा म्होरक्या त्या पोराला मुलगा म्हणून वाढवतो, जीव लावतो, वयात आल्यावर हातात रुमाल देतो. पुढं एक दिवस हा आपल्याच सख्ख्या बहिणीचा जीव घेतो, आणि ती आपली बहीण होती हे त्याला नंतर कळतं.

आम्ही बातमीदार मंडळी ठाण्यातून बातमी आणतो तेव्हा त्यात अज्ञात इसम असतो, सराईत असतो, फरार असतो. त्याला आई नसते, लहानपण नसतं. टेलर स्वतः पोलिसात राहिलेला माणूस. त्यानं गुन्हेगाराला माफ केलं नाही, पण त्याला तोंड भरून बोलू दिलं. वाचताना अमीर अलीचा रागही येतो आणि पान उलटल्याशिवाय राहवतही नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. अशा पुस्तकांनी आणि सरकारी दप्तरांनी ठगांचं जे चित्र रंगवलं ते सगळं जसंच्या तसं धरू नये, असं आजचे बरेच इतिहासकार म्हणतात. जबान्या माफीच्या आशेनं दिलेल्या होत्या. १८३६ च्या ठगी कायद्यात तर टोळीतला असणं एवढ्यावरच जन्मठेप होऊ शकत होती. त्याच वाटेनं पुढं १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. १९५२ साली त्यांची सुटका झाली, पण पारधी वस्तीवरच्या पोराला अजूनही आधी नाव नाही, जात विचारतात. शिवाय या पुस्तकातले ठग भवानीचं नाव घेतात. कुणा चोरानं आपल्या आईचं नाव घेतलं म्हणून आई त्याची होत नाही, एवढं तुळजापूरकरांना वेगळं सांगायला नको.

टेलरची बाकीची नोकरी मोठी आहे. १८४१ पासून तो आताच्या कर्नाटकातल्या सुरपूर संस्थानात होता. तिथला राजा वेंकटप्पा नायक लहान होता, तो टेलरला अप्पा म्हणायचा. १८५३ साली निजामानं आपला हा जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि टेलर डेप्युटी कमिशनर म्हणून नळदुर्गला आला. पंचवीसेक वर्षांपूर्वी पोलीस म्हणून घोड्यावर फिरलेला मुलूख आता त्याच्या हाताखाली आला. त्यानं जमिनीची मोजणी सुरू केली, रस्त्यांची कामं हाती घेतली. १८५७ च्या उठावात त्याला बुलढाण्याला पाठवलं. फौजेशिवाय त्यानं तो जिल्हा शांत ठेवला. पण १८५८ साली सुरपूरच्या वेंकटप्पानं इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, पकडला गेला, आणि कैदेत नेताना वाटेतच गोळी लागून गेला. ती त्यानं स्वतःच झाडून घेतली असं म्हणतात. लहानपणापासून वाढताना पाहिलेलं पोर ते. टेलर साहेब असला, इंग्रज सरकारचा चाकर असला, तरी हा घाव त्याला बसलाच.

१८६० मध्ये तब्येत ढासळल्यानं तो नोकरी सोडून परत गेला आणि मग सरकारी कागद बाजूला ठेवून पूर्ण वेळ लिहायला बसला. १८६३ साली आली ‘तारा’. तुळजापूरच्या एका ब्राह्मण मुलीची गोष्ट, मागे शिवाजी महाराज आणि अफजलखानाचं प्रकरण. त्यानंतर ‘राल्फ डार्नेल’ आणि १८७२ साली ‘सीता’. या तीन गोष्टी त्यानं शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानं बसवल्या, १६५७, १७५७ आणि १८५७. अफजलखानाचा वध १६५९ चा, हे आपल्याकडं शाळेतलं पोरही सांगेल, पण साहेबाला शंभराचा हिशेब जुळवायचा होता.

१८७५ साली हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या आमंत्रणावरून तो पुन्हा इकडे आला. इथं आजारी पडला, नजर गेली. परत जाताना फ्रान्समधल्या मेंटन गावी १३ मे १८७६ रोजी वारला. चांदबिबीवरची ‘ए नोबल क्वीन’ तो गेल्यावर छापून आली. त्याचं आत्मचरित्रही मुलीनं १८७७ साली प्रसिद्ध केलं. तुळजापूरकडची पोलिसातली वर्षं, निसटलेला तपास, नळदुर्गचे दिवस, सगळं त्यात आहे. टेलरची ही इंग्रजी पुस्तकं आता मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून हिंगोलीच्या हरिसिंगाचं प्रकरण वाचून घ्या. ते ठगाच्या कादंबरीच्या प्रस्तावनेतच आहे.