दुर्गाबाईंचा सडेतोडपणा

दुर्गा भागवत म्हटले की आपल्यासमोर दोन बाया उभ्या राहतात. एक ‘ऋतुचक्र’ लिहिणारी, झाडापानांत रमणारी, ‘खमंग’मधून स्वयंपाकघरात आलेली. ही सगळ्यांना आवडते. दुसरी म्हातारपणी भल्याभल्यांवर ताशेरे ओढणारी, फटकळ. बाईंना जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली, तरी घरोघरी ही वाटणी चालूच आहे. मला ती मान्य नाही.

१९१० साली इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाईंनी संशोधनासाठी मध्य प्रांतातील आदिवासी भाग पायाखाली घातला. तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या काही वर्षे अंथरुणाला खिळल्या. अभ्यास मात्र सुटला नाही. लोकसाहित्य, बौद्ध जातके, महाभारत यांत त्या आयुष्यभर बुडालेल्या होत्या. ‘पैस’ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरोचे ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणले. तळ्याकाठी रमणारा हा माणूस सरकारला कर नाकारून तुरुंगातही गेला होता. निसर्गप्रेम आणि ताठ कणा एकाच माणसात नांदू शकतात, हे बाईंना चांगलेच ठाऊक होते.

मग आले १९७५ साल. आणीबाणी लागू झालेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई, तर स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या मांडवात बाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढल्या वर्षी त्यांना अटक झाली. तेव्हा त्या साठी उलटलेल्या होत्या.

मी उभी हयात बँकेत काढली. त्यामुळे कोणी मोठे मत मांडले की ते कोणाच्या खात्यावर खर्ची पडले, हे पाहण्याची मला खोड आहे. बाईंच्या मतांची किंमत प्रत्येक वेळी त्यांच्याच खात्यातून वळती झालेली दिसते. १९७७ साली सत्ता पालटली, पण तुरुंगवासाचे व्याज मागायला त्या कोणाच्या दारी गेल्या नाहीत. आणीबाणीनंतर सरकारी मानसन्मानांपासून त्या दूरच राहिल्या.

उतारवयातल्या त्यांच्या मुलाखतींत काही निवाडे एकांगी वाटतात. प्रतिभा रानडे यांच्या ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’तली काही मते मलाही पटत नाहीत. पण आपल्या घरातली वडीलधारी मंडळी सगळ्यांना रुचेल असेच बोलतात का? आणि आपण त्यांना तेवढ्यावरून तऱ्हेवाईक ठरवून गप्प बसवतो का? खरे तर बसवतो, आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटले. मोहोर आणि पालवी जशी दिसली तशी मांडणारी नजरच माणसांकडेही वळली होती. तिथे तिने भीड धरली नाही, एवढेच.

यंदा मुलांच्या हाती ‘ऋतुचक्र’ द्याल, तेव्हा कराडची हकीकतही सांगा. दोन्हींतली बाई एकच आहे.