वारल्यांच्या गोदावरीबाई

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वारली आदिवासींची वस्ती आहे. तेथील जमीन एके काळी वारल्यांच्या मालकीची होती. पुढे ती सावकारांच्या व जमीनदारांच्या घशात गेली आणि वारल्यांच्या कपाळी वेठबिगार आली. लग्नासाठी थोडेसे कर्ज काढले, की नवराबायको दोघांनाही सावकाराच्या घरी जन्मभर राबावे लागे. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. वास्तविक, बेकायदा सक्तीने काम करवून घेणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. परंतु तो कायदा वारल्यांच्या पाड्यांपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

त्या पाड्यांवर न्यायाची वाट घेऊन गेल्या त्या गोदावरी परुळेकर. त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. स्त्रिया क्वचितच उच्च शिक्षण घेत त्या काळात त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. वकिली करून त्यांना सुखाने राहता आले असते. पण त्यांनी सेवेचा मार्ग पत्करला. पती शामराव यांच्यासह त्या किसान सभेचे कार्य करू लागल्या.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास शेतकऱ्यांची परिषद भरली. तेथे आलेल्या वारल्यांची कहाणी ऐकून गोदावरीबाईंचे मन हेलावले. त्या रानावनांतून पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या. भ्यालेल्या माणसांना त्यांनी धीर दिला. २३ मे १९४५ रोजी झरी गावी सुमारे ५,००० वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरी घेतल्यावाचून जमीनदाराच्या शेतात राबायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. लग्नगडी मुक्त होऊ लागले.

हे यश सहज मिळाले नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांनी प्राण गमावले. तरीही वारली मागे हटले नाहीत.

हा सारा अनुभव गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये देशभर वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदावरीबाईंचे निधन झाले.

कायदा पुस्तकात असून भागत नाही. तो दुबळ्याच्या दारी पोहोचावा लागतो आणि त्याने निर्भयपणे उभे राहावे लागते. गोदावरीबाईंचे आयुष्य हेच शिकवते.