टिळकांची लेखणी आणि आपले केडगाव



दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे दुष्काळग्रस्त मुलींना आणि विधवांना आसरा दिला. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी शिरूर-दौंडकडच्या ख्रिस्ती घरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच रमाबाईंवर ज्यांच्या वृत्तपत्राने कडवट टीका केली, त्या लोकमान्य टिळकांविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ३ मे हा दिवस जगभर वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने टिळकांचीच निवड का, असे काहींना वाटेल. आम्हांलाही आधी तसेच वाटले होते.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. (त्याच जिल्ह्यात, राजापूरला, फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे हे पत्रकार त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडले गेले आणि पोलिसांना खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला.) जानेवारी १८८१ मध्ये टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली. कोल्हापूरच्या दिवाणांवर त्यांत आरोप छापले गेले. आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली. दोघांनी चूक मान्य करून दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

पुढे 'केसरी' टिळकांच्या हाती आला. रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असे 'केसरी'ने लिहिले आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींपैकी किती जणींचे शिक्षण तिथेच थांबले असेल! या लिखाणाने अन्याय झाला असे आमचे मत आहे. पण त्यासाठी टिळकांच्या हातातील लेखणी काढून घ्यायला हवी होती काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला १८९७ सालात सापडते.

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. शहर सोडून न जाता टिळकांनी रुग्णांसाठी इस्पितळ चालवले आणि घरझडतीतील सोजिरांच्या वागणुकीवर 'केसरी'तून टीका केली. त्याच दिवसांत रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात सरकारी प्लेग इस्पितळातील गैरकारभाराविषयी लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. चार वर्षांपूर्वीचे हे दोन विरोधक सरकारला एकच गोष्ट सांगत होते, आणि सांगायला दोघांकडेही छापील कागदच होता.

२२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. माफी मागून सुटावे, असे स्नेह्यांनी सुचवले. या वेळी आपली चूक नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील अप्रीती या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाचून थांबावेसे वाटते. सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध ठरला, तर निरपराध कोण उरेल? सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. शिक्षा झाली १८ महिन्यांची.

१९०८ चा खटला याहून विलक्षण होता. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर लिहिलेले मराठी लेख न्यायालयात इंग्रजी भाषांतरातून वाचले गेले, आणि ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. २१ तासांहून अधिक वेळ बोलताना शब्दाशब्दाचे भाषांतर कुठे चुकले ते ते दाखवत राहिले. न्यायाधीश दावर हे १८९७ मध्ये त्यांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील! २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्याच महिन्यात 'काळ'चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही तुरुंगात धाडले गेले.

मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले, हे शाळेतील मुलेही सांगतील. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, त्या वेळी टिळक मंडालेतच होते, हे मात्र क्वचित सांगितले जाते. लेखणीची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते.

जून १९१४ मध्ये त्यांना मद्रासहून आगगाडीने आणले, पुणे स्टेशनाच्या अलीकडे हडपसरला उतरवले आणि मध्यरात्री गायकवाड वाड्याच्या दारात सोडले. मद्रासची गाडी आपल्या दौंडवरूनच हडपसरला येते. गर्दी जमू नये म्हणून सरकारने एवढी दक्षता घेतली होती.

ते गप्प बसले नाहीत. १९१६ मध्ये त्यांनी बेळगाव आणि नगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. त्या काळीही पुण्याहून नगरला सडकेने जाणारा शिरूरवरून आणि रेल्वेने जाणारा दौंडवरून जाई. या भाषणांवरून मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत वारले. रमाबाई केडगावलाच होत्या, ५ एप्रिल १९२२ पर्यंत.