लोहाराचा मुलगा आणि माझी बंद गाडी

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला धरा, कारण हा लेख त्यांनी दोनदा तपासलाय. पण फॅरेडेवर लिहायचं तर मराठीतच, कारण तो मला कळला तो एका गॅरेजमध्ये, मराठीतून.

बाबांची जुनी मोटरसायकल दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आली. दिवाळीच्या सुट्टीत ती महिनाभर हॉस्टेलच्या शेडमध्ये उभी होती. परत आलो तर बटन दाबल्यावर नुसतं टक्-टक्. नवी बॅटरी टाकली. तीन महिन्यांत तीही उतरली. हॉर्न घोगरा, हेडलाइट पिवळट. तिसरी बॅटरी घ्यायला निघालो होतो, तेवढ्यात गॅरेजमधल्या मुलाने मला थांबवलं. माझ्याच वयाचा, नववीत शाळा सोडलेला. त्याने बॅटरीला मल्टीमीटर लावला. गाडी बंद असताना साडेबाराच्या वर व्होल्ट पाहिजेत, इथे बारासुद्धा नव्हते. मग किक मारून रेस दिली. आकडा चौदाच्या आसपास जायला हवा होता, तो जागचा हलेना. म्हणजे बॅटरी बिचारी उपाशी होती, जेवण वाढणाराच कामचुकार! मग त्याने मॅग्नेट कॉईलचा कप्लर सोडवला, मीटर ए.सी.वर घेतला आणि तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून तपासल्या. एका जोडीत रीडिंग रेसबरोबर झरझर वाढत होतं, बाकी दोन जोड्यांत जवळजवळ मेलेलं. कॉईलचा एक भाग जळाला होता. इंजिनीअरिंगला हे शिकवत नाहीत का, असं त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

शिकवतात. फॅरेडेचा नियम, आठ मार्क. मला आठपैकी आठ होते.

लाज वाटली म्हणून लायब्ररीतून फॅरेडेचं चरित्र आणलं, आणि मग ते खाली ठेववेना.

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडचा. वडील जेम्स लोहार, पण तब्येतीने खचलेले, त्यामुळे काम आज आहे तर उद्या नाही. एक पाव आठवडाभर पुरवून खायची पाळी या मुलावर आली होती. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडीफार आकडेमोड, बस्स. तेराव्या वर्षी रिबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे तो पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ मध्ये तिथेच बुकबाइंडिंगचा उमेदवार झाला. करार सात वर्षांचा. इतर पोरं पुस्तकं शिवायची, हा पठ्ठ्या शिवता शिवता वाचायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तकही. वाचलेलं खरं आहे का, हे तो दुकानाच्या मागच्या बाजूला करून बघायचा. मालक रागावत नसे, हे त्याचं नशीब.

१८१२ मध्ये त्याने स्वतःची बॅटरी बनवली. व्होल्टाचा शोध तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. सामान काय? अर्ध्या पेनीची तांब्याची सात नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एकावर एक रचून त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून दाखवलं. आपल्या गाडीच्या बॅटरीतही सहा सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या आसपास, एकापुढे एक जोडलेले. नाण्यांच्या जागी शिशाच्या पट्ट्या आणि मिठाच्या पाण्याच्या जागी सल्फ्युरिक अ‍ॅसिड, एवढं बदललं.

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने चार व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, त्या आकृत्यांसकट नीट उतरवल्या, स्वतः बाइंड केल्या आणि डेव्हीकडे पाठवून दिल्या. (सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल कॉपी करणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.) मार्च १८१३ मध्ये तो डेव्हीचा मदतनीस झाला. राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

लगेच पुढच्या काही महिन्यांत डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. डेव्हीचा नोकर ऐनवेळी यायला नाही म्हणाला, म्हणून ते कामही फॅरेडेवर पडलं. डेव्हीबाई त्याला नोकरासारखंच वागवायच्या. दौरा सोडून परत जावं, असं त्याला कित्येकदा वाटलं. पण याच प्रवासात १८१४ मध्ये मिलानला त्याला खुद्द व्होल्टा भेटला. नाण्यांची चळत रचणाऱ्या मुलाला दोन वर्षांत हा योग यावा!

१८२१ हे लग्नाचं वर्ष, आणि त्याच वर्षी त्याने पाऱ्यात बुडवलेली विजेची तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. बटन दाबल्यावर आपलं इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर या प्रयोगाची खापरपणतू. पण ही कल्पना वोलास्टनची होती, अशी कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवर त्याची निवड व्हायची वेळ आली, तेव्हा विरोध केला तो डेव्हीनेच. निवड झाली खरी, पण मला विचाराल तर डेव्हीचं हे वागणं क्षुद्र होतं. शिष्य पुढे जातोय हे गुरूला बघवलं नाही.

आता १८३१. विजेने चुंबक तयार होतो, तर चुंबकाने वीज का होऊ नये, हा प्रश्न त्याला दहा वर्षं छळत होता. त्याने लोखंडाचं सहा इंच व्यासाचं कडं घेतलं आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. वार्निश लावलेली तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती. थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड. माझ्या कॉईलचं वार्निश जळलं होतं, म्हणून हे वाचताना मी चक्क थांबलो. २९ ऑगस्टला त्याने एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. बॅटरी जोडताना सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच ठेवली, तर काही नाही. काढताना पुन्हा हलली, या वेळी उलट.

दुसरा कोणी असता तर सुई थांबली म्हणून हळहळला असता. फॅरेडेने त्या दोन झटक्यांवर लक्ष ठेवलं. १७ ऑक्टोबरला कॉईलमध्ये नुसता चुंबक आत-बाहेर करून त्याने वीज मिळवली आणि २८ तारखेला चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग मिळवली. चुंबक नुसता असून भागत नाही, काहीतरी बदलत राहिलं पाहिजे. आठ मार्कांच्या उत्तरात मी याला रेट ऑफ चेंज ऑफ फ्लक्स असं लिहिलं होतं. सिग्नलला गाडी नुसती भुरभुरत उभी असते, हेडलाइट चालू असतो, तेव्हा बॅटरीला फारसं काही का मिळत नाही, हे मात्र मला त्या सुईमुळे कळलं.

१८३३-३४ मध्ये तो पुन्हा बॅटरीकडे वळला. द्रावणातून जितका विद्युतभार जाईल, तितक्याच प्रमाणात पदार्थ बदलेल, उधारी नाही. आपण बॅटरीवर अ‍ॅम्पिअर-अवर वाचतो, तो हाच हिशोब. इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट, आयन हे शब्दही त्याच काळात आले, केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलशी सल्लामसलत करून. माझी पहिली बॅटरी मात्र निव्वळ माझ्या आळसाने गेली. बॅटरी उतरत जाते तसं दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट धरतं. चार्जिंगने ते जातं, पण तशीच पडून राहिली तर त्याचे स्फटिक घट्ट होतात आणि मग काही केल्या निघत नाहीत.

फॅरेडेला गणित जवळपास येत नव्हतं. त्याला चुंबकाभोवती रेषा दिसायच्या, लोखंडाचा कीस टाकला की दिसतात तशा. त्यांना समीकरणांचं रूप पुढे मॅक्सवेलने दिलं. (एम-थ्रीला केटी लागलेल्यांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये.) बोलण्याचंही तसंच. आपलं बोलणं अडाण्यासारखं वाटू नये म्हणून त्याने उच्चारांची शिकवणी लावली, मित्राकडून चुका काढून घेतल्या. पुढे लहान मुलांसाठी नाताळची व्याख्यानं त्याने एकोणीस वर्षं दिली. एका मेणबत्तीवर तर अख्खी मालिका! संपादक मंडळाच्या लाल पेनाचा मला हल्ली राग येत नाही, तो यामुळे.

१८४० च्या आसपास प्रकृतीने दगा दिला. डोकं गरगरायचं, विसरायला व्हायचं. तरी पुढे कितीतरी वर्षं तो काम करत राहिला. क्रिमियाच्या युद्धासाठी विषारी वायूच्या कामात सरकारला त्याची मदत हवी होती, ती त्याने दिली नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्टजवळ दिलेल्या घरात २५ ऑगस्ट १८६७ ला तो वारला. हायगेटच्या दफनभूमीत त्याची कबर आहे, साधी.

गाडीची कॉईल बदलली. आता रेस दिली की मीटर चौदाच्या वर जातो. जुनी कॉईल मी गॅरेजमधून मागून आणली. जळालेलं वार्निश चाकूने खरवडून तिचे वेढे मोजायचा प्रयत्न चाललाय, पण अजून एकदाही दोन वेळचा आकडा सारखा आलेला नाही.