शेठ प्रेमचंद रायचंद : संचय आणि दान

मुंबईच्या जैन समाजात शेठ प्रेमचंद रायचंद हे नाव निघाले की राजाबाई टॉवर आठवतो आणि त्यापाठोपाठ मातृभक्तीची ती सुपरिचित कथा सांगितली जाते. कथा गोड आहे. मात्र तेवढ्यावरच थांबले तर या असामान्य पुरुषाचे निम्मे आयुष्य झाकलेले राहते. चार वर्षांत ज्यांच्या शब्दावर मुंबईच्या पेढ्या आणि बँका चालू लागल्या, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत ज्यांचे बहुतेक सर्वस्व गेले, त्यांचे चरित्र व्यापारउदीम हाच ज्यांचा परंपरागत व्यवसाय आहे अशा समाजाने तरी संपूर्ण वाचावयास हवे.

प्रेमचंदांचा जन्म मार्च १८३१ मध्ये सुरत येथे एका दशा ओसवाल जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे लाकडाचे व्यापारी. मातोश्रींचे नाव राजाबाई. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरत चालले होते आणि तेथील व्यापारी एकामागून एक मुंबईची वाट धरीत होते. रायचंदशेठही मुलाला घेऊन मुंबईस आले. येथे प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षण मिळाले. आज या गोष्टीचे विशेष वाटणार नाही, परंतु त्या काळी इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा देशी दलाल मिळणे जवळपास अशक्य होते. रतनचंद लाला नावाचे एक नामांकित दलाल होते. त्यांना बँकांच्या साहेबांशी बोलण्यास असा एक विश्वासू तरुण हवाच होता. १८४९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, प्रेमचंद त्यांच्या हाताखाली रुजू झाले आणि पुढे त्यांच्या पश्चात स्वतंत्रपणे दलाली करू लागले.

त्या वेळी शेअरबाजाराला इमारत नव्हती. टाउन हॉलसमोरच्या झाडांच्या सावलीत मोजके दलाल जमत आणि उभ्याउभ्या सौदे होत. प्रेमचंदांची स्मरणशक्ती विलक्षण होती. दिवसभरातील सौदे कागदावर न टिपता ते ध्यानात ठेवीत, अशी त्यांची ख्याती होती. ज्या धंद्यात लेखी करारापेक्षा उच्चारलेला शब्द मोठा मानला जाई, तेथे अशा माणसाची पत किती वाढली असेल याची कल्पना करता येते. शेअरबरोबरच कापूस, सोने-चांदी आणि हुंड्या यांतही त्यांचा जम बसला. अजून तिशीही उलटली नव्हती आणि मुंबईतील अग्रगण्य दलालांत त्यांची गणना होऊ लागली होती.

आणि मग १८६१ साल उजाडले. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जो कापूस मुख्यतः अमेरिकेकडून मिळे तो बंद झाला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागला आणि भाव अनेक पटींनी वाढले. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या प्राप्तीखेरीज सात ते आठ कोटी पौंड मुंबईत आले असे मानले जाते. त्या काळच्या हिशेबाने हे सत्तर-ऐंशी कोटी रुपये झाले. एका बेटावरच्या शहरात एवढा पैसा ओतला गेल्यावर तो जिरणार कोठे?

तो नव्या कंपन्यांत जिरला. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि ६२ भागभांडवली कंपन्या होत्या. शिवाय विमा, जहाज, गिरणी-प्रेस आणि जमीन यांच्या कंपन्या निराळ्याच. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणास किती द्यावयाचे हे प्रवर्तक ठरवीत. ज्यास शेअर मिळे त्याला दुसऱ्याच दिवशी ते चढ्या भावाने विकता येत. त्यामुळे शेअरवाटपाची चिठ्ठी हीच संपत्ती होऊन बसली आणि अशा चिठ्ठ्या ज्यांच्या हातून सुटत त्यांत प्रेमचंदशेठ अग्रणी होते. त्यांच्या दारी सकाळपासून गोरे-काळे, सावकार-कारकून यांची रीघ लागे. शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यावे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावेत, तेही तारण ठेवावेत, असे हे चक्र होते. भाव चढत होते तोवर प्रत्येक जण श्रीमंत होता.

या चक्राचा कळस म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. समुद्र भरून जमीन काढावयाची आणि ती विकावयाची, अशी ही योजना. तिच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. कंपनी पुढे बुडाली, परंतु तिने भरलेला किनाऱ्याचा पट्टा मात्र राहिला आणि रेल्वेच्या कामी आला. वांद्र्याहून रोज चर्चगेटला जाणारी गाडी चर्नी रोड सोडल्यावर ज्या भागातून धावते, त्या लोहमार्गाचा जन्म त्या वेडाच्या काळातला आहे. गाडीतील गर्दीला याची वार्ताही नसते.

याच भरात, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला दोन देणग्या दिल्या. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, पण त्याला स्वतःची वास्तू नव्हती. ऑगस्टमध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले गेले आणि ऑक्टोबरमध्ये मोठे घड्याळ व घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. दुसऱ्या देणगीसोबत त्यांनी एकच विनंती केली : मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे. स्वतःच्या नावाचा आग्रह कोठेही नव्हता. वडिलांच्या नावाने भडोचला ग्रंथालय आणि सुरतेत कन्याशाळा झाली. अहमदाबादच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाला मात्र दात्याचेच नाव लाभले. या यादीकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. एक कोट्यधीश श्रावक, ज्याला मंदिरे बांधून कीर्ती मिळविता आली असती, तो शाळा, ग्रंथालय आणि विद्यापीठ यांवर मुक्तहस्ताने पैसा खर्चीत होता, आणि त्यांचा लाभ सर्व जातिधर्मांच्या मुलांना होणार होता. ज्ञानदानाला आपल्या परंपरेत जे स्थान आहे ते पाहता यात नवल नाही. परंतु त्या दानाचा परीघ एवढा विस्तारणे हे मात्र त्या काळी नवलाचेच होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. त्याबरोबर शेअर कोसळले. १ जुलै १८६५ हा असंख्य वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशी देणे कोणालाच देता येईना, कारण प्रत्येकाचे येणे दुसऱ्याकडे अडकले होते. बॅकबेचा पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांपर्यंत चढला होता त्याला ८७ रुपये मिळेनात. दिवाळखोरांची संख्या इतकी वाढली की सरकारला त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रेमचंदांची पेढी काही काळ तग धरून राहिली, पण १८६६ मध्ये तीही थांबली.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. गौरवलेखांत ती बहुधा गाळली जाते. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली, प्रतिष्ठित बँक. १८६३ च्या नव्या कायद्याने तिचे जुने निर्बंध सैल झाले आणि शेअरच्या तारणावर कर्जे देण्याचा मार्ग खुला झाला. बँकेचे सचिव जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंदांचे मोठे वजन होते. खुद्द प्रेमचंदांना आणि त्यांच्या शिफारशीने इतरांना प्रचंड कर्जे दिली गेली, तीही अपुऱ्या तारणावर. बँकेचे बहुतेक भांडवल बुडाले आणि १८६८ मध्ये ती बंद करावी लागली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे हा सारा व्यवहार उघड झाला. काळच तसा होता, सारेच त्या लाटेत वाहून गेले, असे म्हणता येईल आणि ते खरेही आहे. परंतु लाटेत वाहणाऱ्यांत आणि लाटेवर इतरांना चढविणाऱ्यांत फरक आहे. प्रेमचंदशेठ दुसऱ्या वर्गात मोडतात. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रहाला मर्यादा घालण्यास सांगते, आणि ही मर्यादा आधी, म्हणजे हाती असताना, घालावयाची असते. १८६४ साली ती घालण्याचे भान मुंबईत फारच थोड्यांना राहिले होते आणि प्रेमचंद त्या थोड्यांत नव्हते.

आश्चर्य आहे ते पुढील चाळीस वर्षांचे. एवढ्या पडझडीनंतर अनेक जण शहर सोडून गेले, काही कायमचे नाहीसे झाले. प्रेमचंद येथेच राहिले, त्याच बाजारात. ज्यांनी त्यांना सम्राट म्हणून पाहिले होते त्यांच्यासमोर त्यांनी पुन्हा साधा व्यापार सुरू केला. पूर्वीचे वैभव परत आले नाही, पण पत हळूहळू परतली. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तेव्हा तिचे ३१८ सभासद होते आणि प्रवेशशुल्क एक रुपया होते. या संस्थापनेत प्रेमचंदांचे नाव अग्रभागी आहे. १८८७ मध्ये तिचा रीतसर दस्तऐवज झाला आणि हीच संस्था आज मुंबई शेअरबाजार म्हणून ओळखली जाते, आशियातील सर्वांत जुनी. झाडाखालच्या बेबंद सौद्यांनी काय होते हे ज्याने स्वतःच्या संसारावर सोसले, त्याने दलालांना एका नियमाखाली आणण्याच्या कामी हातभार लावावा, याला केवळ योगायोग म्हणवत नाही. आज वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीकाठच्या भर घातलेल्या जमिनीवर, राष्ट्रीय शेअरबाजार आणि बाजारावर देखरेख करणारी सेबी यांची मुख्यालये आहेत. १८६५ साली अशी देखरेख करणारे कोणीच नव्हते.

१८६४ साली दिलेले ते चार लाख मात्र बुडाले नाहीत. दात्याची पेढी थांबल्यानंतर तीन वर्षांनी, १ मार्च १८६९ रोजी, राजाबाई टॉवरची कोनशिला बसली. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून आराखडा केला; बांधकामाला कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला गेला. नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा २८० फूट उंचीचा हा मनोरा शहरात सर्वांत उठून दिसत असे. एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख झाला. वृद्ध, अंध राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी चौविहार करता यावा, वेळ कोणाला न विचारता कळावी, म्हणून पुत्राने हे घड्याळ उभारले, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. देणगीच्या वेळी केलेली विनंती नावापुरतीच होती, आणि देणगी दिल्यापासून घंटा वाजेपर्यंत चौदा वर्षे लोटली होती. तेव्हा कथेला इतिहास मानणे कठीण आहे. तरीही ती टिकून आहे, कारण दगडी मनोऱ्यापेक्षा आईचे व्रत समाजाला अधिक जवळचे वाटते. मनोऱ्याची डागडुजी होऊन २०१५ मध्ये तो पुन्हा खुला झाला आणि २०१८ मध्ये त्या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मुंबईबाहेरचे त्यांचे सर्वांत मोठे दान फारसे कोणास ठाऊक नसते. १८६६ साली, म्हणजे संकट दारात उभे असताना, कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती ही बंगालमधील विद्वत्तेची सर्वोच्च कसोटी मानली गेली. ती मिळविणारे आपल्या नावापुढे तिची आद्याक्षरे अभिमानाने लावीत. सर आशुतोष मुखर्जी, इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार हे तिचे मानकरी. यदुनाथ सरकार यांनाही ती मिळाली होती. त्यांनीच पुढे १९१९ साली शिवछत्रपतींचे इंग्रजी चरित्र लिहिले. सुरतेच्या श्रावकाने मुंबईत मिळविलेला पैसा कलकत्त्यास गेला आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाच्या जडणघडणीत कामी आला, असा हा प्रवास आहे.

भायखळ्याच्या प्रेमोद्यान या त्यांच्या बंगल्याचा एके काळी शहरात मोठा बोलबाला होता. उत्तरायुष्यात प्रेमचंदांची राहणी साधी झाली. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सर दिनशा वाच्छा यांनी तारुण्यात ते शेअरचे वेड आणि ती पडझड डोळ्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी त्या कालखंडाची कठोर हजेरी घेणारे पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, प्रेमचंदांचे एक स्वतंत्र चरित्रही लिहून प्रसिद्ध केले.