अक्षराशी अक्षर ताडून पाहणारा पंडित
(डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर)

हळर्ण हे आमच्या गावाचे नाव. पोर्तुगिजांनी आपल्या लिपीत उतरविताना त्याचे आलोर्ना केले, आणि १७४६ साली येथील किल्ला जिंकणाऱ्या त्यांच्या विजरईस पुढे याच नावाचा किताब मिळाला. ही दोन्ही नावे एकाच गावाची, हे पेडण्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ती संगणकास देऊन दोन्ही एकच काय असे विचारले, तर तो नाही म्हणेल. पहिल्या अक्षराशी पहिले अक्षर, दुसऱ्याशी दुसरे, असे तो ताडीत जातो आणि भेद दिसला की थांबतो. ज्या काळी असले यंत्र आपल्या देशात कोणी पाहिलेही नव्हते, त्या काळी एका पंडिताने हेच काम महाभारताच्या पोथ्यांवर केले. त्यांची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

विष्णु सीताराम सुकथनकर यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबई येथे झाला. (त्यांचे आडनाव सुखठणकर असेही लिहिलेले आढळते, म्हणजे येथेही संगणक फसणारच!) उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस केंब्रिज येथे गेले व तेथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. गणितात रमलेला हा तरुण पुढे बर्लिन येथे हाइनरिख ल्यूडर्स या संस्कृतज्ञाच्या हाताखाली गेला आणि शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून पंडित झाला. स्वदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी केली, शिलालेख व ताम्रपट वाचले, भासाच्या नाटकांवर लेख लिहिले. गणित्याची शिस्त आणि झिजलेले अक्षर ओळखणारी दृष्टी, या दोहोंचा त्यांच्या ठायी असा मिलाफ झाला.

पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली होती. महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढण्याचा संकल्प तिने सोडला व १९१९ साली कामास आरंभही झाला. परंतु त्याची घडी नीट बसली ती १९२५ च्या ऑगस्टमध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाल्यावर. अडचण लहान नव्हती. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांचा पत्ता लागला होता. त्यांपैकी १०७ देवनागरीत, ३२ बंगालीत, ३१ ग्रंथ लिपीत, २८ तेलुगूत, २६ मल्याळीत. शिवाय नेवारी, शारदा, मैथिली, कन्नड व नंदिनागरी. कोणत्याही दोन पोथ्या सर्वस्वी सारख्या नव्हत्या. कोठे एक शब्द निराळा, कोठे श्लोक पुढेमागे, कोठे अध्यायच्या अध्याय अधिक.

या पोथ्या ताडण्याची जी रीत तेथे चालविली गेली, ती आम्हांस फार मनोवेधक वाटते. आडव्या आणि उभ्या रेघा आखलेला कागद घ्यावयाचा. सर्वांत वर प्रचलित छापील पाठाचा एक श्लोक लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीस एक आडवी ओळ. पोथीतील जे अक्षर वेगळे असेल, तेवढेच त्याच्या बरोबर खालच्या जागी लिहावयाचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी रुंद रकाना. अधिक श्लोक फार लांब असले, तर ते वेगळ्या कागदावर लिहून त्यास जोडीत. त्यास शोधपत्र म्हणत. शास्त्री आणि पदवीधर मंडळी दिवसचे दिवस हे काम करीत बसत. काही पोथ्या शांतिनिकेतन व तंजावर येथेही ताडल्या गेल्या.

उभ्या रेघांचे महत्त्व येथे ध्यानी घ्यावे. एखाद्या पोथीत एकच अक्षर गळाले आणि पुढची अक्षरे एकेक घर मागे सरकली, तर तेथून पुढे सारेच भिन्न दिसेल. कोणते कोणासमोर ठेवावयाचे हे आधी ठरले, तरच तुलनेस अर्थ.

आजकाल संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांसही असेच धडे घ्यावे लागतात. जावा नावाच्या भाषेत दोन अक्षरमाला समान आहेत काय हे बरोबरीचे चिन्ह दोनदा लिहून विचारले, तर मजकूर तोच असूनही कित्येकदा उत्तर नाही असे येते. कारण तो प्रश्न मजकुराचा नसतोच. दोन्ही नावे एकाच जागी ठेवलेल्या वस्तूची आहेत काय, एवढेच तेथे पाहिले जाते. मजकुरासाठी इक्वल्स ही वेगळी क्रिया आहे. या हातातील पोथी आणि त्या कपाटातील पोथी एकच काय, हा एक प्रश्न. दोहोंतील पाठ एकच काय, हा दुसरा. आणखी एक गंमत. दुसऱ्या या शब्दातील ऱ संगणकात दोन प्रकारांनी साठविता येतो: एका चिन्हाने, किंवा र व त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांस भेद दिसत नाही, यंत्रास दिसतो. म्हणून ताडण्यापूर्वी दोन्ही मजकूर एकाच प्रकारात आणावे लागतात. पुण्याच्या मंडळींसही मल्याळी वा शारदा लिपीतील अक्षर ओळखून आधी देवनागरीत उतरवावे लागे.

मात्र भेद टिपला म्हणजे काम संपले नाही. खरा पाठ कोणता? अधिक पोथ्या सांगतील तो, असे आपणांस वाटेल. सुकथनकरांनी हा बहुमताचा न्याय मानला नाही. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. ती एकच साक्ष पन्नास वेळा बोलली. उलट काश्मीरकडील पोथी आणि दूर दक्षिणेतील पोथी, ज्यांचा परस्परांशी संबंध आला नाही, त्या एकमुखाने एक अक्षर सांगतात, तेव्हा ते अक्षर जुने मानावे. या कसोटीने व्यासांचा लेखक झालेल्या गणपतीची सुप्रसिद्ध कथा मूळ संहितेतून निघाली व परिशिष्टात गेली. दाक्षिणात्य पोथ्यांत ती नव्हती. आजीच्या तोंडून ती ऐकलेल्या आम्हांस हे वाचताना जरा हळहळ वाटली, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यांनी कथा टाकून दिली नाही, तिची जागा तेवढी दाखविली. आणि जेथे स्वतःच्या निवडीची खात्री नसे, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद दिले, की ज्यास पटणार नाही त्याने स्वतः ताडून पाहावे.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. यानंतर जे घडले ते कोणाही संपादकाची झोप उडविणारे होते. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक फार प्राचीन ताडपत्री पोथी उजेडात आली. ग्रंथ तर छापून बाहेर पडलेला! तीत सारे विपरीत निघते तर? सुकथनकरांनी ती टाळली नाही. आपल्या संहितेशी स्वतः ताडून तिचा सविस्तर वृत्तान्त संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी प्रक्षिप्त म्हणून वगळलेले कित्येक भाग या पोथीत नव्हतेच, आणि त्यांनी निवडलेल्या पाठांस तिने बहुतांशी पुष्टी दिली.

आपल्या गोमंतकात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही पुढे भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो पोथ्या ताडून १९४८ साली त्यांची चिकित्सित आवृत्ती काढली. गणिताकडून पोथ्यांकडे वळलेले हे दुसरे उदाहरण.

१९४२ मध्ये सुकथनकरांचे आरण्यकपर्व प्रसिद्ध झाले. मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर ते व्याख्याने देत होते. आयुष्यभर अक्षरे मोजलेला हा मनुष्य आता त्या अक्षरांच्या आतले सांगू लागला होता. चौथे व्याख्यान व्हावयाचे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने निघाली. महाभारताचे काम प्रथम डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुढे नेले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचे पुण्यात जाहीर झाले. पुढे जपानचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी ही संपूर्ण संहिता संगणकावर चढविली.